कावेरीसाठी आवाज

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन तुमच्यापुढे उभा राहिलोय. आपल्या लेकराला थोरामोठ्यांचं चरित्र ऐकवायचं आहे – तर ते कुणाच्या आवाजात ऐकवाल?

हसताय? सोपा वाटला ना प्रश्न! तुम्ही म्हणणार, "महाराज, ज्याचा आवाज गोड, त्याच्या!" म्हणा. उदगीरचा शिवदास बिरादारही तेच म्हणाला होता. त्याची गोष्ट आधी सांगतो, मग पुन्हा तुम्हालाच विचारतो. मृदंगवाले, हात जरा आवरता घ्या. ही गोष्ट ठेक्यावर चालणारी नाही.

शिवदासचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत. जळालेल्या मोटारी भरून द्यायच्या, हा धंदा. कुणाची विहिरीवरची मोटार जळाली, कुणाची गिरणीची जळाली – आणा शिवदासकडे! जुनी तार काढायची, नवी भरायची, वार्निश लावून वाळवायची. दिवसभर मान खाली. पण दिवस मावळला, की शटर ओढून गडी घराकडे सुटायचा. गिऱ्हाईक आडवं आलं तरी म्हणायचा, "सकाळी या. घरी माझी वाट बघतंय कुणीतरी."

कोण बघतंय वाट? कावेरी! एकुलती एक लेक. आठ वर्षांची. आणि मंडळी, वाट 'बघते' असं नुसतं म्हणायचं. पोरीला जन्मापासून दृष्टी नव्हती. ती वाट ऐकायची! गल्लीत कोण शिरलं, ते चपलेच्या आवाजावरून सांगायची. आवाज हाच तिच्यासाठी माणसाचा चेहरा.

शिवदास रोज संध्याकाळी तिला वाचून दाखवायचा. वाचनालयातून पुस्तकं आणायची – अहिल्याबाईंचं चरित्र, सावित्रीबाईंचं, शिवरायांचं, बाबासाहेबांचं. आणि वाचणं कसं? घोडा दौडला की मांडीवर थापा! तोफ उडाली की पलंग हलला पाहिजे! आतून महानंदा, म्हणजे त्याची बायको, ओरडायची, "अहो, पोरगी पडेल की!" कावेरी खिदळायची. मध्येच भलतंच विचारायची.

"अप्पा, अहिल्याबाईंचा आवाज कसा होता हो?"

आता हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? शिवदास डोकं खाजवायचा. "मला काय ठाऊक ग! पण बारीकच असंल बघ. बारीक, पण सगळ्यांना ऐकू जाणारा."

चाललं होतं बरं. मग आवाज बसायला लागला. सर्दी असेल, म्हणाला. हळद-दूध झालं, गुळण्या झाल्या, घोगरेपणा जाईना. वर्षानुवर्षं मोटारीगणिक एक बिडी ओढलेली – अहो, खिशावर हात ठेवू नका, इथून दिसतंय मला सगळं! – शेवटी लातूरला मोठ्या दवाखान्यात दाखवलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, "बिरादार, गाठ स्वरयंत्रावर आहे. स्वरयंत्र काढावं लागेल."

"काढायचं म्हंजे?"

"म्हणजे जीव राहील. आवाज जाईल."

परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसला. बाहेर सोयाबीनची रानं पळत होती. त्याच्या डोक्यात एकच विचार. मुका माणूस हातवारे करतो, तोंडानं खुणा करतो. पण माझ्या खुणा बघणार कोण? पोरीला दिसत नाही. मला बोलता येणार नाही. एका घरात राहून आम्ही एकमेकांना सापडायचो कसे?

मंडळी, मरणाची भीती वेगळी. ही त्याहून वाईट!

घरी आला आणि ठरवलं – पोरीसाठी आवाज विकत आणायचा. हल्ली पुस्तकं ऐकायला मिळतात म्हणे. थोरांची चरित्रं, कुणीतरी चांगल्या माणसानं वाचलेली. माझा आवाज जाईल, पण पोरीच्या गोष्टी जाता कामा नयेत.

महानंदा भाकरी थापत होती, तिच्या कानावर हे घातलं. थापता थापता म्हणाली, "मी वाचीन की."

"तू?" शिवदास म्हणाला. "चौथी शिकलेली! एक ओळ वाचायला तुला दिवस मावळतो. गडावर चढेपर्यंत महाराज म्हातारे होतील!"

विनोदच केला हो त्यानं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, बस.

मग सुरू झाली वणवण. लातूरच्या मोठ्या पुस्तकाच्या दुकानात गेला. दुकानदारानं मोबाईलवर काढून दाखवलं, "हे बघा, ऐकायची पुस्तकं. इंग्रजीत हवी तेवढी. मराठीत आहेत, पण लहान मुलांची कमी. आणि दर महिन्याला पैसे भरायचे."

"आणि एखाद्या महिन्यात नाही भरले तर?"

"मग बंद."

घ्या! म्हणजे राजे वेढ्यातून निघाले, पाऊस पडतोय, पालखी चाललीय – आणि पुढचा हप्ता भरा! औषधांचं बघायचं, की हे? तरी त्यानं दोन-तीन नमुने ऐकून पाहिले. एकात वाचणाऱ्यापेक्षा ढोल-ताशेच जास्त. दुसऱ्यातला माणूस असा वाचत होता, जसा काही विमा विकतोय. शिवदासचं मन भरेना.

शेजारच्या एकानं सांगितलं, "अहो, फुकट आहे की! पुस्तक मोबाईलसमोर धरा, मोबाईलच वाचतो." करून पाहिलं. मोबाईल वाचू लागला. सरळ, सपाट. ना कुठं चढ, ना उतार. तोफ उडाली तीही त्याच सुरात, आणि बाळ जन्मलं तेही त्याच सुरात! कावेरी आधी हसली. मग तिचा चेहरा उतरला. तिनं बापाचा हात धरला.

"अप्पा, बंद करा. हा माणूस श्वासच घेत नाही. मला भ्या वाटतंय."

ऐकलंत, मंडळी? आपल्याला कळलं असतं हे?

कावेरीला शिकवायला शाळेत शैलजा मॅडम यायच्या. दिसत नसलेल्या मुलांच्या शिक्षिका. गावोगावच्या शाळा फिरायच्या. शिवदास त्यांच्याकडे गेला. त्या म्हणाल्या, "मग आधी विचारायचं नाही का? आमच्या मुलांसाठी हौशी माणसं पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात. चरित्रंही आहेत. फुकट मिळतात. एक लहान यंत्र घ्या, उठावाची बटणं असलेलं. मी सगळं त्यात भरून देते."

शिवदासला हायसं वाटलं. इतके दिवस पायपीट, आणि उत्तर पोरीच्याच शाळेत! तो उठायला लागला, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "बिरादार, एक सांगू? तुम्ही स्वतः वाचा ना. तुमच्या मोबाईलवर बटण दाबायचं आणि वाचायचं. अजून आवाज आहे तोवर."

शिवदास लाजला. गळ्यावरून हात फिरवला. "हा आवाज? मॅडम, फाटक्या पत्र्यागत वाजतोय. थोरांचं चरित्र असल्या आवाजात? चांगली चांगली माणसं वाचतात की तुमच्याकडची."

"तिला तुमचाच हवा असेल."

"बघू. ऑपरेशन अजून लांब आहे. येत्या रविवारी निवांत बसून करतो."

रविवारी! काय ओ, तुमच्याकडे किती रविवार शिल्लक आहेत? मोजलेत कधी? नका मोजू. पुढं ऐका.

यंत्र आलं. तळहाताएवढं, वर जाडजूड बटणं. संध्याकाळी शिवदासनं कावेरीला जवळ बसवलं, तिची बोटं बटणांवरून फिरवली. "हे पुढं जायचं. हे मागं यायचं. प्रत्येक गोष्टीला नंबर आहे. सगळी मोठी माणसं आहेत बघ ह्यात!"

कावेरीनं एक बटण दाबलं. कुणा बाईंचा स्वच्छ, मोकळा आवाज आला. चांगला आवाज होता हो. पोरीनं थोडं ऐकलं आणि यंत्र बंद केलं.

"अप्पा, हे उद्या ऐकू. आज तुम्हीच वाचा."

त्या दिवशी त्याचा घसा ठणकत होता. थुंकी गिळवत नव्हती. एवढी उन्हातान्हात फिरफिर केली, लोकांपुढे तोंड वेंगाडलं, आणि पोरगी म्हणते नको! तो चिडला. तोंडातून निघून गेलं –

"एवढी वणवण मग कशाला केली मी? गप ऐक!"

कावेरीनं बटण दाबलं. ऐकत बसली.

दुसऱ्या दिवशी कावेरी उठायच्या आधीच तो दुकानात गेला. ती शाळेत होती. शिवदास दुकानात मोटार खोलत होता, आणि एकाएकी श्वास अडकला. गाठीनं वाटच बंद केली. डोळे पांढरे, अंगाला घाम. गिऱ्हाइकांनीच उचलून गाडीत घातलं. दवाखान्यात पोचल्या पोचल्या गळ्याला छिद्र पाडलं, नळी घातली, तेव्हा श्वास सुरू झाला. जीव वाचला. डॉक्टरांनी केलं ते योग्यच केलं. आवाज त्याच दुपारी गेला. मागून मोठं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं.

रविवार आला की! यायचा तो येतोच. रविवारी शिवदास दवाखान्याच्या छताकडं बघत पडला होता.

मंडळी, बापानं लेकीला ह्या जन्मात शेवटचं काय सांगितलं? 'गप ऐक.'

(पेटीवाले, सूर नका सोडू. हळू धरून ठेवा.)

पुढं काही दिवसांनी तो घरी आला, अशक्तपणानं पाय ओढत. अंगाला औषधांचा वास. गळ्याशी भोक, त्यातून श्वासाची सूं-सूं. कावेरी दारात धावत आली आणि थबकली. कान टवकारले तिनं.

"माय, कोण आलंय?"

"अग, अप्पा आलेत की!"

"अप्पा?" तिनं हात पुढं केला. छातीवरून वर नेला. बोटं गळ्याच्या फडक्याला लागली, आतली गरम हवा लागली, आणि पोरीनं चटका बसल्यागत हात मागं घेतला. "बोला ना, अप्पा."

शिवदासचे ओठ हलले. 'कावेरी' म्हणाला तो. ओठांनी म्हणाला. हवा सुटली नुसती!

पोर आईच्या पदरात शिरली. "हे अप्पा नाहीत. अप्पा कधी यायचेत?"

काय करावं बापानं? सांगा! रडला तरी तेही तिला ऐकू जाईना. तो भिंतीला टेकून बसला, आणि ती पलीकडच्या खोलीत, आणि मध्ये एक उंबरा. त्या उंबऱ्याएवढं लांब अंतर मी तरी दुसरं ऐकलेलं नाही.

कावेरी यंत्र ऐकू लागली. शाळेतून आली की यंत्र. महानंदाला बरं वाटलं, पोरीचं मन रमतंय. पण ती नीट ऐकत नव्हती! एक गोष्ट सुरू करायची, दोन वाक्यं ऐकायची, पुढचं बटण. पुन्हा दोन वाक्यं, पुन्हा पुढचं. शेवटपर्यंत जायची आणि परत पहिल्यापासून. अहिल्याबाई दोन वाक्यं, सावित्रीबाई दोन वाक्यं. मोठमोठी माणसं येत होती आणि पोरगी त्यांना परत पाठवत होती.

"काय शोधाय लागलीस ग?" महानंदानं विचारलं. "कुठली गोष्ट पाहिजे?"

कावेरी बटण दाबत म्हणाली, "अप्पा म्हणाले होते, ह्यात सगळी मोठी माणसं आहेत. मग अप्पा कितव्या नंबरला आहेत?"

शिवदास दारातच उभा होता.

तो तसाच बाहेर पडला. मोबाईलवर लिहून लिहून सगळ्यांना विचारत सुटला – माझा आवाज तुमच्याकडं कुठं आहे का? मेहुण्याच्या लग्नाची चित्रफीत निघाली. त्यात शिवदास हसतोय, बोलतोय, आणि वरून बँड वाजतोय. एक शब्द कळेना. चुलतभावाकडं फोटो होते, ढीगभर फोटो. फोटो त्या लेकराला काय कामाचे? शैलजा मॅडमनी आपले जुने मोबाईल तपासले, शाळेच्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं तपासली. त्यात टाळ्या होत्या, भाषणं होती, पाहुण्यांचे आभार होते. शिवदास मागच्या रांगेत बसणारा माणूस. त्याला बोलायला कोण सांगणार?

नाही सापडला, मंडळी. गोष्ट सांगणाऱ्याला मोह होतो, की सापडला म्हणावं. मी नाही म्हणणार. नाही सापडला!

एका संध्याकाळी महानंदानं पुस्तक घेतलं. कुणी सांगितलं नाही तिला. पोरीजवळ बसली, ओळीखाली बोट धरलं आणि सुरू केलं. अडखळत, एकेक अक्षर जुळवत. 'राज्यकारभार' ह्या शब्दापाशी तीनदा थांबली. शिवदास पुढं सरकला, तिच्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं, ओठांनी शब्द फोडून दाखवला. तिनं त्याच्या ओठांकडं बघून तो मोठ्यानं म्हटला. मग पुढची ओळ. वाचता वाचता तिनं मोबाईल पुढ्यात घेऊन आवाज भरायचं बटण दाबलं. चुका, खोकला, मागं कुकरच्या शिट्ट्या – सगळं त्यात राहू दिलं.

कावेरीनं यंत्र बाजूला ठेवलं आणि ऐकत राहिली.

पुढं तिनं बापाला ओळखलं. कसं ओळखलं, ते तिचं तिला ठाऊक. हळूहळू त्याच्याजवळ बसू लागली, शाळेतलं सांगू लागली. पण "अप्पा, वाचा ना" असं ती पुन्हा कधी म्हणाली नाही. एकदासुद्धा नाही. आणि शिवदास रोज संध्याकाळी ते न आलेलं वाक्य ऐकत बसायचा.

आता सांगा, मंडळी! लेकराला थोरांचं चरित्र कुणाच्या आवाजात ऐकवाल?

कुणी बोलत नाही आता. मघाशी तर हसत होता! विकतचं आणू नका, असं मी म्हणत नाही. आणा. चांगलं असेल, परवडत असेल, तर जरूर आणा. पण तुमच्या घरात एक लेकरू बसलंय, आणि तुम्ही त्याला म्हणताय – हा घे मोबाईल, गप ऐक! घसा धडधाकट आहे, अक्षरओळख आहे, आणि तोंड कशासाठी उघडतो आपण? जेवायला, भांडायला, आणि पुढाऱ्याच्या नावानं ओरडायला! तुमचा आवाज फाटका आहे? असू द्या. तुम्ही अडखळता? अडखळा. लेकराला गाणारा नको आहे हो, त्याला त्याचं माणूस पाहिजे!

रोज मी शेवटी देवाचं नाव घेतो आणि तुम्ही मागून म्हणता. आज मी गप्प उभा राहतो. तुम्ही घ्या नाव. सुरात नको, टाळावर नको, ज्याच्या त्याच्या आवाजात घ्या. शेजारी तुमचं लेकरू बसलंय, त्याला ऐकू जाईल असं घ्या.

घ्या, मंडळी!