शिक्क्याचं पत्र

बल्गेरियातल्या प्लोव्दिवच्या इस्पितळात रुम्याना कॅन्सरवरच्या औषधाच्या पहिल्या सलाइनसाठी थांबली होती. शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

“अहो झाफिर, हळू! सगळे ऐकताहेत.”

“ऐकू देत! अक्रोडाएवढी गाठ वाटाण्याएवढी झालीय, पेना! काढ तो चॉकलेटचा डबा, सगळ्यांचं तोंड गोड कर.”

“पण हे झालं कसं, ते तरी कळलं का तुम्हाला?”

“मला नाही कळणार? सीमेवरच्या जकात नाक्यावर तीस वर्षं काढली मी! दर गुरुवारी तो ट्रक यायचा, आठवतं? ड्रायव्हर सरकारी शिक्क्याचं पत्र दाखवायचा आणि मी सलाम ठोकून सोडून द्यायचो.”

“आणि आत सगळ्या चोरट्या सिगारेटी! दर खेपेला एक पाकीट तुमच्या खिशात.”

“तेच तर! फुप्फुसातली ही गाठही तसलंच पत्र दाखवते. अंगातले पहारेकरी म्हणतात, आपलाच माणूस आहे, जाऊ द्या.”

“मग औषध गाठीला मारतं?”

“छे! औषध पहारेकऱ्यांना ते पत्र वाचूच देत नाही. मग ते म्हणतात, कसलं पत्र? उघड ट्रक!”

“सगळ्यांना लागू पडत नाही, असंही म्हणाले डॉक्टर.”

“मला पडलं ना! घे गं पोरी, तूही घे.”

रुम्यानाने चॉकलेट उचललं, तेवढ्यात नर्सने तिचं नाव पुकारलं.

“जा बाई, नंतर खा,” पेना म्हणाली.

“आत्ताच खाते,” रुम्याना उठत म्हणाली. “मलाही हेच औषध देणार आहेत. ट्रक उघडायला रिकाम्या पोटी कशाला जाऊ?”