कालिंदीबाईची जवसाची भाकरी

मंडळी, ऐका! कालिंदीबाईला काय मिळवायचं होतं, ते आधी मोजून घेऊ. सोनं नाही, शेत नाही, पंचायतीत खुर्ची नाही. नवऱ्याच्या तोंडून एक 'वा!' — बस्स! एकतीस वर्षांच्या संसारात एकदाही न मिळालेला. आता सांगा — माणसाच्या भल्यासाठी त्याच्यापासूनच लपवलं, तर ते पाप की प्रेम? इतक्यात माना डोलवू नका!

नवरा रामलिंग — निवृत्त मोजणीदार. उभा जन्म साखळी टाकून जमिनी मोजल्या, आता ताट मोजायचा! मधुमेह जडला तेव्हा डॉक्टरांनी हिशेब बांधून दिला — ज्वारीच्या दोन भाकरी, इन्सुलिनचे सोळा युनिट. रोज दुपारी तसंच. आधी टोपलीतल्या भाकरी बघायच्या, मग पोटात सुई, मग जेवण.

कालिंदीबाईनं मोबाईलवर पाहिलं — धान्याचं पीठ सोडा, साखर उतरते. लागली की कामाला! फ्लॉवर किसला, फडक्यात घट्ट पिळला, जवसाचं पीठ घातलं, बदामाची पूड, चिकटायला इसबगोल. पहिली तव्यालाच बसली. दुसरी उलटताना मोडली. तिसरी ताटात पडली, तर रामलिंग म्हणतो, "कालिंदे, ही भाकरी की गोवरी?"

"अहो, साखर उतरेल तुमची!"

"आधी भूक उतरली ना! घाल गाईला."

गाईनंही हुंगलं आणि तोंड फिरवलं! — हसा, हसा. मृदंगबुवा, तुम्ही जरा बेतानं हसा, तुमच्या साखरेचा आकडा मला ठाऊक आहे!

वर रामलिंग म्हणाला, "ज्या दिवशी मला फरक कळणार नाही, त्या दिवशी म्हणेन — वा!"

झालं! बाई इरेला पेटली. तीन आठवडे चोरून खटाटोप. फ्लॉवर उन्हात वाळवून दळला. वरून ज्वारीच्या पिठाचा नुसता हात फिरवला — वास भाकरीचा, डाग भाकरीचे, मोडली तर आवाजही भाकरीचा! मग एके दुपारी दोन टोपलीत ठेवल्या आणि गप्प बसली.

रामलिंगनं फडकं उचललं. मोजल्या — दोन. सुई घेतली — सोळा!

इथं थांबा, मंडळी. ती सुई कशासाठी? भाकरीतल्या ज्वारीसाठी. आणि ज्वारी तर भाकरीत नावालाच! मग ते औषध खाणार काय? रक्तात होती-नव्हती ती साखर!

बाईला ठाऊक नव्हतं? होतं की! डॉक्टर बजावून म्हणाले होते, "खाणं बदललंत तर आधी मला सांगा, सुई कमी करावी लागेल." पण डॉक्टरांना सांगायचं म्हणजे नवऱ्याला कळणार. कळलं की गंमत गेली!

रामलिंगनं घास घेतला. थांबला. म्हणाला, "वा! आज हात कुणाचा लागलाय गं भाकरीला?"

मिळाला! तिथंच सांगितलं असतं, तर गुळाच्या एका खड्यावर निभावलं असतं. ओठावर आलंही होतं — गिळलं. का? साक्षीदार नको? चार वाजता शेजारची द्वारकाबाई चहाला येणार. तिच्यासमोर फजिती करू!

रामलिंग आडवा झाला. घाम फुटला. तिनं पंखा वाढवला. तो बरळला, "साखळी धर... साखळी सुटली..." तर ही हसली! "झोपेतसुद्धा मोजणीच!" म्हणाली, आणि आधण ठेवायला गेली.

द्वारकाबाई आली. "अहो, उठा, एक गंमत सांगायची आहे." हलवलं. अंग गार. दातखीळ.

"कालिंदे, ह्यांनी जेवताना काय खाल्लं?" द्वारकाबाईनं विचारलं.

कालिंदीबाई रिक्षा बोलवायला धावली.

दवाखान्यात शिरेतून साखर चढवली. आकडा वर आला, मंडळी. माणूस वर आला नाही. श्वास आहे, डोळे उघडे आहेत. नजर कुठं ठरत नाही, तोंडातून शब्द नाही.

काय मंडळी, आता का माना खाली? तुमच्या घरात कुणी कुणाला न सांगता काय वाढतंय — गोळी दुधात, काढा चहात? "त्यांच्याच भल्यासाठी हो, बुवा!" असेल. पण सांगायचं राहिलं, ते भल्यासाठी की 'वा'साठी? ज्यानं-त्यानं मोजावं.

कालिंदीबाई आता रोज भाकरी दुधात कुस्करून भरवते. दर घासाला सांगते — "ही ज्वारीची हं. खरी ज्वारीची."

तो गिळतो.

तिला एक 'वा' हवा होता. मिळाला. सुई त्यानं घेतली, घास त्यानं घेतला, आणि त्या 'वा'ची किंमत भरतोय — तोच.