उलट्या तोंडांचा सोफा

वकिलाच्या बाहेरच्या खोलीत घटस्फोटाच्या कागदांवर सह्या करायला आलेलं एक म्हातारं जोडपं माझ्यासमोर बसलं होतं. भिंतीवर एका नक्षीदार सोफ्याचं रेखाचित्र होतं. पुढचं ऐकलं तसं सांगतो. या वेळी तरी पदरचं काही नाही.

"अहो, तो सोफा बघितलात?"

"बोलायचं नाही असं आपलं ठरलंय ना?"

"मी चित्राशी बोलतेय. दोन माणसांची जागा, पण तोंडं उलट्या दिशांना! असंही बसतात म्हणे?"

"पाठीवरची वेल बघ. काय हात आहे काढणाऱ्याचा! तुझ्या बाजूला उगवते आणि माझ्याकडे येऊन फुलते."

"माझी बाजू कोणती, ते तुम्हीच ठरवलंत?"

"खिडकीकडची. तुला रस्ता बघायला लागतो."

"आणि तुम्ही टीव्हीकडे तोंड करून. म्हणजे तुमच्या बातम्या मला दिसणार नाहीत."

"ऐकू येतील."

"तेवढं सोसेन. पाय किती नाजूक काढलेत हो! हरणाचेच जणू."

"मधे हात टेकायला मात्र एकच जागा आहे. कोपर कुणाचं?"

"दोघांचं. टेकवा, रेटू नका."

"बनवून घेतला, तर तुझ्या भावाचं कपाट हलवावं लागेल."

"माझ्या भावाचंच बरं दिसलं! तुमचं टेबल हलवा."

"सह्यांसाठी कोण आलंय? चला आत," कारकून दारातून म्हणाला.

"थांबा हो जरा! इथं आधी कपाट की टेबल, ते ठरू दे."