दहावा धडा

पेणच्या स्टँडवर, रोह्याच्या गाडीच्या रांगेत, माझ्यापुढे दोन मुलांचे वडील आणि एक वयस्क संस्कृत शिक्षिका बोलत उभे होते.

"बाई, दोघंही घरीच शिकतात. स्पृहा तेरा वर्षांची, ओजस सात. एकत्र शिकवाल?"

"फार अंतर आहे, विराज. वेगवेगळं शिकवते. स्पृहाचं कुठपर्यंत झालंय?"

"नऊ धडे. नववा आईनं शिकवला आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. दहावा ती उघडतच नाही."

"आणि ओजस?"

"त्याला आई दिवाळीनंतर शिकवणार होती."

"मग पहिल्या धड्यापासून दोघांना बसवू."

"स्पृहा कंटाळेल हो."

"शिकवेल तीच. आई कशी शिकवायची, ते त्यालाही कळू दे."

"बाई..."

"काय रे?"

"धड्याला मी मागे बसलो तर चालेल?"