अकोल्यातला ट्राय

नाही नाही मावशी, वांगे पावच किलो करा – घरी आहेत, कालचे आहेत, परवाचेही आहेत, फ्रिज उघडला की वांगेच माझ्याकडे पाहून राहतात – सांबार मात्र द्या, कोथिंबीर कितीही लागते. पाहुणे? नाही, पाहुणे नाहीत कोणी. आपल्याकडे वांग्यासाठी पाहुणे कायले लागतात? यशू, बाई, भेदरं नको दाबू, टमाटे फुटतात, आजी रागावतील – घेऊ द्या म्हणता? एकच घे मग, अन् नीट धर. ही माझी पोरगी, पावणेदोन वर्षांची. हाताले लागलं ते उचलते, पण टिकत नाही हातात, सुटते. सुटतेच. – जाऊ द्या. हे काय, गीतांजली नाही दिसत आज? या वेळेले तर बसते ना ती गाडीवर, तुमी चहा प्याले जाता तेव्हा?

ओळखते म्हणजे – नाही, क्लासवाली मॅडम म्हणून नाही. क्लास घेते मी, नववी-दहावीचं विज्ञान, इथंच राजापेठेत, त्या चष्म्याच्या दुकानावर. पण तुमची पोरगी माझ्याकडे नव्हती कधी. मैदानावरून ओळखते तिले. रविवारी अकोल्याले मी होती. हो, तेच, निवड चाचणी होती तिथं. ज्योत्स्ना नाव माझं. तिनं सांगितलं असंल घरी – एक ताई होती, लेकरू घेऊन आली होती, मोबाईल घेऊन उभी होती – फक्त ‘ताई’ म्हणाली? नाव नाही सांगितलं? बरं.

तुमाले हा खेळ माहीत आहे का पण? फक्त चिखलाचे कपडे धुता – माझी आईही हेच म्हणे! मीही खेळली आहे ना मावशी, विद्यापीठाकडून, तीन वर्षं. मग खांदा निसटला, मग लग्न, मग ही. ती पपई द्या बरं जरा – घ्यायची नाही, दाखवते. रग्बीचा चेंडू असा असतो, लांबुळका. हातात घेऊन पळायचं. साथीदाराले द्यायचा तर मागेच द्यायचा, पुढे फेकायचा नाही. अन् तिकडे शेवटची रेघ असते, तिच्या पलीकडे जाऊन चेंडू असा – अशी – जमिनीले टेकवायचा, हात वरून दाबलेला पायजे. त्याले ट्राय म्हणतात. पाच गुण. अन् टेकवायच्या आधीच हातातून निसटून पुढे पडला, तर तो नॉक-ऑन. म्हणजे गेलं सगळं पाण्यात. एवढंच. एका बोटाचा फरक असतो. म्हणून आजकाल मोठ्या सामन्यांत व्हिडिओ पाहणारा वेगळा पंच बसवतात, मैदानावरच्या पंचाले शंका आली की तो हवेत असा चौकोन काढते, टीव्हीसारखा, अन् मग खोलीत बसलेला तो दुसरा दहा वेळा मागेपुढे करून पाहते.

आता ऐका माझं शहाणपण. आमचा एक ग्रुप आहे मोबाईलवर, जुने खेळाडू, कोच, सगळे. तिथं माझं तोंड लय चालते. नवऱ्यासमोर नाही चालत, सासूबाईंसमोर तर नाहीच, पण तिथं – बापा! मागच्या महिन्यात बायांचा आंतरराष्ट्रीय सामना होता, परदेशातल्या दोन टीम, मी यशूले वरणभात भरवता भरवता पाहिला. मैदानावरच्या पंचाने ट्राय दिला, अन् व्हिडिओवाल्याने फिरवला. मी लिहिलं, याचे डोळे काढून लोणचं घाला. नियम लिहिला खाली, सगळ्यांले शिकवायले – मैदानावरच्या पंचाने दिलेला निर्णय तसाच राहते, फिरवायचा तर धडधडीत पुरावा पायजे; पुरावा नसंल तर गप बसायचं! चौतीस जणांनी अंगठे दिले. त्या अंगठ्यांनी घात केला माझा. मग सुटलीच मी. भारताच्या टीमवर लिहिलं, निवड समितीवर लिहिलं – आमच्या वऱ्हाडातली पोरगी काहून दिसत नाही कधी टीममध्ये, यांले नकाशा कोणी दाखवला नाही का, मातीत खेळणाऱ्या पोरी ओळखीपाळखीवाल्यांच्या मागे कुठवर उभ्या राहतील. आठ-आठ ओळी. अंगठेच अंगठे. अन् किशोर सरांनी, आमच्या जिल्ह्याचे कोच आहेत, पंचगिरीही करतात, त्यांनी लिहिलं, ज्योत्स्नाताई, दुसऱ्याच्या डोळ्यांचं लोणचं घालून राहिल्या तुमी, रविवारी आपले घेऊन या अकोल्याले. मोबाईल चांगला आहे तुमचा. व्हिडिओ पंच तुमीच.

हसले असतील सगळे. पण मले मान वाटला मावशी. खरंच. दोन वर्षांत कोणी मले माझ्या नावानं कुठं बोलावलं नव्हतं, यशूची आई, यशूची आई, लसीकरणाच्या कार्डावरही यशूची आई. सासूबाई अकोटले गेल्या होत्या, नणंदेच्या बाळंतपणाले, म्हणून हिले कडेवर घेतलं अन् सकाळच्या एसटीनं गेली. मैदानात पाय ठेवत नाही तर कोणाचा तरी बाप म्हणाला, पंच बोलावला का पाळणाघर? मी म्हटलं, भाऊ, लेकरू कडेवर आहे, डोळ्यांवर नाही. टाळी दिली एकीनं. किती छान बोलली ना मी? सगळीकडे छानच बोलते मी.

काय म्हणता? अर्धा किलो भरले? राहू द्या. भरा.

शेवटचा सामना होता. त्याच्यावरून दोन पोरी निवडायच्या होत्या भुवनेश्वरच्या शिबिरासाठी, अन् त्या शिबिरातून भारताची अठरा वर्षांखालची टीम. तुमची गीतांजली – मावशी, मी काही उगाच गोड बोलून नाही राहिली – ती पळते ना, तर मैदान लहान वाटते. शेवटचं मिनिट होतं, तिची टीम तीन गुणांनी मागे. मोबाईल मी खुर्चीच्या पाठीले ओढणीनं बांधला होता दिवसभर. पण ती त्या पलीकडच्या कोपऱ्याकडे सुटली म्हणून मी सोडून हातात घेतला, जवळून यावं म्हणून. अन् तेवढ्यात – माझ्या पायापाशी एक जास्तीचा चेंडू पडला होता – यशूनं तो उचलला. दोन्ही हातांनी, पोटाशी धरून. अन् पळाली. मावशी, ही चालायचीच जेमतेम, धरून धरून. पळाली नव्हती कधी. चार पावलं पळाली, खरी रग्बीसारखी, डोकं खाली घालून.

माझा हात वळला. मी वळवला नाही – नाही, असं कसं म्हणू, माझाच हात आहे. तुमाले माहीत नाही का, फोन हातात असला अन् आपलं लेकरू काही नवीन करून राहिलं तर हात कोणाले विचारत नाही. अकरा सेकंद. अकरा सेकंदांनी शिटी ऐकू आली, मी मान वर केली, तर गीतांजली रेघेपलीकडे पालथी पडलेली, चेंडू पोटाखाली, अन् किशोर सरांचा हात वर. ट्राय दिला त्यांनी. समोरच्या पोरी ओरडून राहिल्या, सुटला, सुटला, हातातून सुटला. सरांनी चौकोन काढला हवेत. अन् चालत आले माझ्याकडे.

काय विचारलं माहीत आहे? शब्द न् शब्द पाठ आहे मले. ‘ताई, मी ट्राय दिला आहे. फिरवायले काही कारण दिसते का?’ एवढंच. मी फक्त नाही म्हणायचं होतं. नाही दिसत, सर. खोटंही नव्हतं ते! मले खरंच काही दिसलं नव्हतं. तेवढं बोलली असती तर त्यांचा निर्णय राहिला असता, ट्राय राहिला असता, सामना जिंकला असता त्यांनी. नियम मीच लिहिला होता ना, चौतीस अंगठ्यांचा.

पण भोवती सगळे आले होते. तो पाळणाघरवाला बापही. सर म्हणाले असते, दाखवा बरं. अन् स्क्रीनवर काय, तर यशू. म्हणून मी ओढणी डोक्यावरून घेतली, ऊन लागते म्हणून, अन् तिच्या आत एकटीनं पाहिलं. तीनदा पाहिलं, सावकाश करून, जसं टीव्हीत पाहतात तसं. तीनही वेळा यशू चार पावलं पळते अन् हिच्या हातातून चेंडू निसटते, पुढे पडते. अन् मी ओढणी बाजूले केली, मोबाईल बंद केला अन् म्हटलं, नॉक-ऑन आहे सर. स्पष्ट आहे.

स्पष्ट! हा शब्द कुठून आला तोंडात, देव जाणे. सरांनी मोबाईल मागितलाही नाही. विश्वास ठेवला.

भांडली नाही हो गीतांजली. या खेळात पोरी पंचाशी भांडत नाहीत, शिकवतच नाहीत आमी त्यांले भांडायले. उठून बसली, अन् आपल्या हातांकडे पाहिलं तिनं. असं, उलटे-पालटे करून. मग चड्डीले पुसले. अन् सामना संपल्यावर, मी सामान आवरून राहिली होती, तर आली, अन् यशूले खांद्यावर घेऊन पूर्ण मैदान फिरवून आणलं तिनं. म्हणाली, ताई, ही खेळणार पुढे. मी म्हटलं, हो. पाणी पाजलं मी तिले. पाणी पाजलं, एवढं केलं.

मग निवडीच्या कागदावर तिचं नाव तिसरं आलं. समोर शेरा – दबावात चेंडू सुटतो.

नाही, मी सोमवारीच आली होती सांगायले. वांगे घेतले अन् गेली. मंगळवारी गर्दी होती तुमच्याकडे. बुधवारी गर्दी नव्हती, तरी वांगेच घेतले. रविवार धरून आज पाचवा दिवस आहे मावशी, अन् आज पाच वाजता किशोर सर ती यादी पाठवून देणार आहेत पुढे. आता किती झाले – चार वीस. मी म्हटलं, आधी गीतांजलीले भेटते, तिची माफी मागते, मग सरांले – कुठं आहे ती? घरीच, वलगावले? प्रॅक्टिस? प्रॅक्टिस तर सकाळी असते ना. जातच नाही? सोमवारपासून?

काय म्हणाली ती?

परत सांगा.

‘मले वाटलं टेकवला, पण मशीनमध्ये दिसलं ना ताईले, मशीन कायले खोटं बोलन. माझ्या हातांतच काही नाही.’ – असं म्हणाली? अन् मेथीच्या जुड्या बांधून राहिली दिवसभर?

थांबा. थांबा जरा मावशी, मी बसते इथं पोत्यावर. – मले वाटलं होतं, रागात असंल. शिव्या देत असंल मले. मी पाच दिवस त्या शिव्यांलेच भ्यायली होती हो! अन् ती आपल्या हातांवरच…

हो, आहे. अजून आहे मोबाईलमध्ये. पुसला नाही मी. दोनदा बोट नेलं पुसायच्या खुणेवर – पण यशूची पहिली पळापळ आहे ना ती, कसं पुसू? बघा, याच्यातही मी आईच निघाली, माणूस नाही निघाली. पाहायचा आहे तुमाले? हे घ्या. चष्मा लावा. ही यशू… हा चेंडू… पळाली… हा सुटला. मागे ऐका, शिटी वाजली. ती शिटी तुमच्या पोरीची आहे. तुमची पोरगी याच्यात कुठंच नाही.

परत लावू? लावा. परत पाहा.

यशू, इकडे ये. आजीची थैली नको ओढू.

मावशी, काहून काढून ठेवून राहिल्या वांगे? सांबारही? विकायचे नाहीत – मले नाही विकायचे? बरं. बरोबर आहे. नाही, रागावली नाही मी, मी कोण रागावणारी. मी जाते अन् घरून सरांले फोन – इथून? आत्ता? तुमच्यासमोर. करते की. पण इथं लोक आहेत, माझ्या क्लासचे पालक भाजी घेतात इथं, तो बघा, तो दहावीतल्या माधवीचा बाप – मी त्या हनुमानाच्या पारापाशी जाऊन शांतपणे – नाही? बरं. स्पीकरवरही करू? स्पीकरवर. हो. त्या दिवशीही सगळ्यांसमोरच बोलली होती मी.

वाजते आहे. यशू, गप बस बाई. वाजते आहे.

हॅलो – सर, ज्योत्स्ना बोलून राहिली. नाही, बरी आहे. सर, यादी गेली का? नाही गेली ना? सर, रविवारचा तो नॉक-ऑन – गीतांजलीचा नव्हता. माझ्या पोरीचा होता. म्हणजे यशूचा. माझा मोबाईल हिच्याकडे वळलेला होता सर, मी ट्राय पाहिलाच नाही. मले काहीच दिसलं नव्हतं, अन् मी स्पष्ट म्हटलं. तुमी ट्राय दिला होता. तुमी पाहिला होता. ग्रुपवर मीच लिहिते सर, माझ्या नावानं, पण तो शेरा आधी खोडा…

सर?

हॅलो?

मावशी, काही बोलून नाही राहिले ते. – नाही, कटला नाही फोन, सेकंद चालून राहिले, बघा. हो. धरून आहे. नाही सोडत.