तीसपैकी एकोणीस

हॅलो?… हं, दादा, बोल… आई जरा आडवी झालीय… नको, उठवत नाही मी तिला. माझ्याशीच बोल.

हो, मिळाला रिपोर्ट. स्मरणशक्तीच्या चाचणीत तीसपैकी एकोणीस… माहितेय रे, वीसच्या खाली आली तर वृद्धाश्रम, मीच कबूल केलं होतं. पण ऐक ना… अरे, ऐक तरी!

शंभरातून सात-सात वजा करायला लावलं ना तिला? त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी… धाडधाड म्हणत गेली. मी शेजारी बसून मनात करत होते, तर बहात्तरला माझीच गाडी अडली. मला पाठवतोस का आश्रमात?… हसतोयस काय?

वीसला कमी पडलेला तो एक गुण कुठे गेला, ते सांग. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मुलं किती? आई म्हणाली, तीन. आणि तू कोपऱ्यातल्या खुर्चीतून… हो, हो, तूच! म्हणालास, "दोन, डॉक्टर." कापला त्यांनी गुण.

अकरा दिवसांचा होऊन गेला म्हणून काय झालं? नऊ महिने पोटात वाढवला तिने. तुझ्यामाझ्या मधला भाऊ आहे तो… होता नाही, आहे!

काय?… कोणाला मोजायचं याचे काही नियम असतात? वा रे प्राध्यापक! जन्मभर आमचं डोकं खाल्लंस. आकडे माणसाने बनवले, दोन नि दोन चार हे आपण आपसांत ठरवलेलं… त्यावर जाडजूड पुस्तकसुद्धा लिहिलंस. आणि आज एकोणीस म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होय?

नाही, चिडले नाहीये… बरं, चिडलेय! मी उद्या जाऊन त्यांना सांगणार, तीन बरोबर आहे, गुण द्या. वीस होतात…

आता उपयोग नाही म्हणजे?… खोली मिळाली? इतक्यात?… खिडकीची आहे, बरं. पण तिथे तर महिनोन् महिने नंबर लागत नाही ना? तू नाव कधी घातलंस?… दादा, कधी घातलंस?

मार्चमध्ये.

चाचणी परवा झाली रे. जूनमध्ये… नाही, समजावू नकोस. एवढं गणित येतं मला.

हो, उठली वाटतं… अजिबात नाही, तिला देणार नाही फोन… ऐक. आकडे आपणच ठरवतो ना? मग मी ठरवलं. तुझं बरोबर होतं, आईला मुलं दोनच. मी, आणि तो अकरा दिवसांचा.

ठेवते.