त्रिकोणात कोण कोण?

…छे छे, मी जळतबिळत नाहीये हं! पण तुम्हीच सांगा, बावीस वर्षं भूमिती शिकवतोय मी, माझी दहावीची पोरं झोपेतसुद्धा प्रमेयं बरळतात, आणि घरी माझी चार वर्षांची लेक मला काय म्हणते? "बाबा, तुला त्रिकोण येत नाही." मला! त्रिकोण! येत नाही!

म्हणजे झालं असं, की गेल्या आठवड्यात तिनंच विचारलं, त्रिकोण म्हणजे काय? मी पट्टी घेतली, पेन्सिलीला टोक काढलं, घसा खाकरला… "एका रेषेत नसलेले तीन बिंदू रेषाखंडांनी जोडले असता होणारी बंदिस्त आकृती!" पोरगी पट्टीशी खेळतेय. मग म्हटलं, सोपं करू, "बाळा, त्रि म्हणजे तीन. तीन कोन." तर म्हणते, "तीन कोण? कोण कोण?" अगं, कोण नाही, कोन! नळातला न! "मग त्रिकोणात बाणातला ण का?" …मी पेन्सिलीला पुन्हा टोक काढायला घेतलं! आमची ही आतून खुदुखुदु हसतेय, मदत शून्य!

आणि दुसऱ्या दिवशी बालवर्गाच्या त्या नव्या ताई… जळत नाहीये हं मी!… वय असेल तेवीस, म्हणजे मी खडू हातात धरला तेव्हा ह्या पाळण्यात! त्यांनी काय करावं? तीन पोरं बसवली, हातात सुतळी दिली, ताणा म्हणाल्या, "सांगा, त्रिकोणात कोण कोण?" पोरांनी आपापली नावं ठोकली, संपलं! व्याख्या नाही, पट्टी नाही! तेव्हापासून घरात जेवताना ताई, दात घासताना ताई, आणि ही म्हणते, "किती छान शिकवतात नाही?" जळत नाहीये… बरं बाबा, जळतोय! खाक झालोय!

काल लेकीनं त्रिकोण काढला. वाकडा, पण बंदिस्त! मी अगदी ताईंच्या चालीत विचारलं, "ह्यात कोण कोण?" तिनं टोकांवर बोट ठेवलं. "ही आई, ही मी, ह्या ताई."

"आणि बाबा गं?"

"तीनच असतात ना!"

बरोबर आहे हो, शास्त्रशुद्ध बरोबर! म्हटलं, "मग चौकोन काढ की! थांब, मीच शिकवतो…"

"तू नको. सोमवारी ताई शिकवणार आहेत."

…तर बसलोय. बावीस वर्षं भूमिती शिकवून, सोमवारच्या चौथ्या कोपऱ्याची वाट बघत!